सड्यावर लावलेली झाडं का जगत नाहीत: जांभा, निचरा आणि तिथलं मूळचं रान

प्रश्न थोडक्यात असा: पन्हाळा तालुक्यात, मसाई पठाराच्या अंगाला तीन एकर सड्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याची, जमीन आहे. सलग तीन पावसाळे दोन-दोन फुटांचे खड्डे काढले, ट्रॉलीनं काळी माती आणून शेणखतासह भरली आणि देशी झाडं लावली. दर वर्षी निम्म्याहून जास्त रोपं जातात. वाळूखडकाच्या पठारांवर पातळ माती आणि निचरा यांवरच तिथल्या वनस्पती ठरतात असं वाचनात आलं. आपल्या सड्यावरही तसंच असतं का, आणि लावायचं तर काय आणि कसं?

आधी निदान सांगतो. तुमची रोपं उन्हाळ्यात वाळलेली दिसत असली तरी त्यांचं मरण जुलै-ऑगस्टमध्येच ठरलेलं असतं. पावसाळ्यात मुळं पाण्यात गुदमरून कुजतात आणि वरची चार बोटं तेवढी जिवंत राहतात. पाऊस सरला की ती चार बोटं झाडाला हिवाळाभर कशीबशी तगवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप बसतं. आपण म्हणतो पाणी कमी पडलं. खरं तर पाणी आधी जास्त झालेलं असतं.

हे असं का होतं ते कळायला सड्याच्या पोटात काय आहे ते पाहावं लागेल. तळाशी आपला सह्याद्रीचा काळा कातळ. लाखो वर्षं ऊन-पावसाच्या माऱ्यानं त्यातली सिलिका, चुना, पोटॅश, मॅग्नेशियम असं सगळं धुऊन गेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं तेवढी मागे राहिली. तोच जांभा. वरचा थर लोखंडासारखा कठीण, तो सड्याचा पाठीचा पाट. त्याखाली भोकाभोकांचा मऊ जांभा, ज्याचे चिरे काढतात. त्याच्याही खाली पांढरट-जांभळट चिकण मातीचा थर आणि मग झिजलेला कातळ. पाणी वरच्या पाटाच्या भेगांतून आत उतरतं, मऊ जांभ्यातून पाझरतं आणि त्या चिकण मातीवर येऊन अडतं. मग ते आडवं सरकत पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. सड्याच्या पायथ्याच्या वाड्यांवरचे झरे उन्हाळ्यातही वाहतात ते या रचनेमुळे. जांभ्याचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. चिरा खाणीतून काढताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि उघड्यावर राहिला की टणक होतो. सड्यावरची माती खरवडून काढली तर खालचा मऊ जांभाही असाच उन्हात कडक होतो आणि पुन्हा मऊ होत नाही.

आता वाळूखडकाशी तुलना. आपल्याला सगळ्यात जवळचा वाळूखडक बेळगाव-बागलकोट बाजूला, गोकाक-बदामीकडे. आजऱ्या-गडहिंग्लजवरून जाणारी हिरण्यकेशी ज्या घटप्रभेला मिळते, ती गोकाकला याच वाळूखडकाच्या कड्यावरून कोसळते. वाळूखडक म्हणजे गारगोटीच्या कणांचा दगड. त्याची माती भुसभुशीत, आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यांनी रिती. पाणी सांध्यांतून खाली जातं आणि मध्ये शेलचा, म्हणजे दबून कडक झालेल्या चिखलाचा, पट्टा लागला की अडून कड्याच्या अंगावर पाझरतं. ऑस्ट्रेलियात सिडनीभोवती हॉक्सबरी वाळूखडकाचं पठार आहे. तिथं उंच उतारांवर अशा पाझरावर पोसलेल्या पाणथळी आहेत आणि हातभर पलीकडे कोरड्या खडकावर वेगळंच रान. तिथली बँक्सियासारखी झाडं इतक्या कमी स्फुरदावर (फॉस्फरसवर) जगायला सरावलेली आहेत की सुपर फॉस्फेट घातलं तर मरतात.

साम्य इथं आहे: दोन्हीकडे माती पातळ, अन्न कमी आणि पाणी एका थरावर अडून आडवं चालतं. त्यामुळे दहा पावलांवर वनस्पती बदलतात. फरकही मोठा आहे. वाळू पाणी सोडून देते. जांभ्याचा पाट भेग असेल तिथं पाणी गिळतो आणि भेग नसेल तिथं परातीसारखं धरून ठेवतो. त्यात आपला पाऊस चार महिन्यांत एकवटलेला. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, शिरोळकडे पाचशेच्या घरात, एकाच कोल्हापूर जिल्ह्यात. मसाई या दोन्हींच्या मधे, पण पावसाळी अंगाला. म्हणजे सड्यावरच्या वनस्पतीला चार महिने बुडून आणि आठ महिने तापून जगावं लागतं. ही दोन्ही टोकं जिला पेलतात तीच तिथली.

आता तुमचा खड्डा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा म्हणजे सव्वादोनशे लिटरची टाकी. पाटात पहारीनं कोरलेली, तळाला भेग नसलेली. वरच्या बाजूचा नुसता दहा चौरस मीटरचा उतार त्या टाकीत येत असेल आणि दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर एका दिवसात हजार लिटर पाणी तिच्याकडे येतं. त्यात भरलेली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, हवेची जागा बंद करते आणि आठ-आठ दिवस वाफसा येऊ देत नाही. कच्चं शेणखत असेल तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. जानेवारीनंतर तीच माती आकसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. शिवाय रोपाला खड्ड्याबाहेर जायचं कारणच उरत नाही. मुळं त्या मऊ मातीत गोल फिरत राहतात, जशी कुंडीत. शिरोळ-हातकणंगल्याच्या पाणी लागलेल्या रानात निचऱ्याचे चर का काढतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. सड्यावर खड्डा काढताना मात्र निचरा कुणी विचारात घेत नाही, कारण दगड म्हणजे कोरडा असं आपण धरून चालतो.

खात्री करायची असेल तर मेलेलं एक रोप मातीसकट उपटून पाहा. मूळ दोन बोटांत धरून हलकं ओढलं आणि त्याची साल मोज्यासारखी निघून आत पांढरा दोरा उरला, तर ते पाण्यानं कुजलेलं. माती नाकाशी धरली की गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि रंग निळसर-करडा झालेला असतो. तहानेनं गेलेल्या रोपाचं मूळ करकरीत वाळलेलं असतं, साल घट्ट चिकटलेली आणि आत तपकिरी. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली की बरेच जण युरिया टाकतात. मूळच श्वास घेत नसेल तर तो युरिया कोण घेणार? तो उताराला वाहून जातो आणि खालच्या गवताला माज येतो.

सडा वाचायला त्याच्यावर आपोआप काय उगवतं ते पाहणं हाच सर्वांत खरा मार्ग. त्यासाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर हा काळ धरा.

जिथं पाट उघडा आहे, माती बोटभरही नाही, तिथं शेवाळ, दगडफूल आणि ट्रायपोगॉनसारखी बुटकी गवतं दिसतील. हे गवत मे महिन्यात हाताला राखेसारखं लागतं, पाती दोरीसारखी पिळलेली. पहिल्या चांगल्या वळवानंतर दिवसभरात तीच पाती उलगडून हिरवी होतात. नवी फूट नव्हे, जुनीच पाती. इथं झाड लावायचा विचार सोडून द्यायचा.

जिथं पाटावर दोन-तीन सेंटिमीटर माती आहे आणि वरून पाण्याचा पातळ पदर सतत सरकतोय, तिथं सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा आणि मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं. ही जागा सगळ्यात जास्त सांगून जाते. सीतेच्या आसवाला खरं मूळच नसतं. चिखलात पसरलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. त्यांच्या दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. धुपून रित्या झालेल्या मातीत नत्र (नायट्रोजन) मिळत नाही, म्हणून ही सोय. शेजारी लालसर, चिकट केसांची दवबिंदू वनस्पती दिसली तर निदान पक्कं: इथं नत्र नाही आणि पाणी हलतं आहे. गेंद उपटला तर मुळं पांढरी, आडव्या पडद्यांची, हवेनं भरलेली असतात. बुडालेल्या मुळाला वरून हवा पोचवायची ही व्यवस्था. तुमच्या आंब्या-फणसाच्या रोपाकडे ती नाही.

पाट खोलगट होऊन पाणी उभं राहतं, त्या डबक्यांत जांभळी मंजिरी, कुमुदिनी आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर नावाजलेला वायतुरा अशी कुळं. वायतुऱ्याचा कंद तळाच्या गाळात आठ महिने निजून राहतो. डबकं उथळ म्हणून ते भरून काढू नका. त्याच्या तळाचा तो दोन-चार इंच गाळ साठायला किती पावसाळे लागले असतील याचा हिशेब कुणाकडे नाही.

माती वीतभर झाली की चित्र पालटतं. कंदवाले येतात: हबे आमरी, कंदील पुष्प, मुसळ्या. बरोबर कवला, सोनकी आणि कमरेपर्यंतचं गवत. एक-दीड फूट मातीवर टोपली कारवी आणि रामेठा. त्याहून खोल माती किंवा रुंद भेग असेल तिथंच करवंद, गेळा, अंजनी, जांभूळ, हिरडा. सड्याच्या मधोमध एखादं अंजनीचं झाड उभं दिसलं तर त्याच्या बुडाशी जाऊन पाहा. तिथं भेग तरी असते, नाहीतर मोठ्या धोंड्याआड साठलेली माती, नाहीतर जुनं वारूळ. वाळवी खालची बारीक माती वर आणते, त्यामुळे वारुळाची जागा सड्यावरची सगळ्यात खोल आणि निचऱ्याची.

आता मोजमाप. बारा मिलिमीटरची, एक मीटर लांबीची सळई घ्या, एका टोकाला धार काढा. पावसाळ्यात माती ओली असताना दर दोन मीटरला खुपसत जा आणि खोली वहीत लिहा. सळई ठणकन वाजून थांबली तर पाट. मऊ करकरून अडली तर मुरूम किंवा मऊ जांभा, तिथं मुळाला वाट आहे. तीन एकरांना दोन माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम. १५ सेंटिमीटरच्या आत आहे तो भाग तसाच सोडायचा. १५ ते ४५ मध्ये झुडपं. ४५ च्या पुढे झाडं, तीही निचऱ्याची परीक्षा पास झाली तर.

परीक्षा अशी. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा. बादली-दोन बादल्या पाणी ओतून तो पूर्ण भरा आणि जिरू द्या. लगेच पुन्हा भरून काठीवर खूण करा. तासाला दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर बिनधास्त लावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धा खड्डा भरलेला असेल तर ती जागा झाडाची नाही. मे महिन्यात केलेली परीक्षा फसवते, कारण तापलेला जांभा पहिलं पाणी अधाशासारखं पितो. म्हणून दुसऱ्या भरणीचं मोजमाप धरा आणि जुलैत, उघडीप असलेल्या दिवशी, तोच खड्डा पुन्हा पाहा.

लावणीत तीन गोष्टी बदला. पहिली, खड्ड्याला तोंड ठेवा. उताराच्या बाजूनं, तळाच्या पातळीवर वीतभर रुंद चर काढून बाहेर न्या, म्हणजे टाकीची न्हाणी होईल. तळात पहार मारून भेग उघडते का पाहा. नाही उघडली आणि चरही काढता येत नसेल तर जागा सोडा. दुसरी, काळी माती बंद. खड्ड्यातून निघालेलीच तांबडी माती, तिच्यातले अंड्याएवढे खडे तसेच ठेवून, आणि दहा घमेल्यांना एक घमेलं पूर्ण कुजलेला पालापाचोळा. हा पाला जवळच्या रानाच्या कडेचा असेल तर उत्तम, त्याबरोबर तिथली बुरशी येते आणि ती मुळांना स्फुरद मिळवून देते. जांभ्याच्या मातीतलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतं. पोतं सुपर फॉस्फेट ओतलं तरी झाडाच्या हाती थोडंच लागतं, म्हणून बुरशीची सोबत जास्त कामाची. तिसरी, रोप जमिनीच्या पातळीला न लावता १५ ते २० सेंटिमीटर उंचवट्यावर लावा आणि वरच्या अंगाला दगडांची चंद्रकोर रचा. ती पाणी अडवायला नाही, रोपाच्या दोन्ही बाजूंनी वळवून द्यायला. बुडाशी चपटे दगड मांडा, खोडापासून चार बोटं सोडून. दगडाखाली ओल मार्चपर्यंत टिकते.

रोप दीड फुटाहून मोठं घेऊ नका. चार-पाच फुटांची पिशवीतली रोपं सड्यावर हमखास पडतात, कारण वर वारा आणि खाली गोल फिरलेली मुळं. पिशवी फाडल्यावर तळाशी गुंडाळी दिसली तर धारदार सुरीनं ती कापून टाका. मसाईसारख्या ठिकाणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जमीन एक वीत ओली झाल्यावर लावणी करावी. गगनबावडा, दाजीपूर, आंबा या धुवाधार पट्ट्यात मात्र ऑगस्टअखेर लावलेलं बरं, नाहीतर कोवळं रोप पहिले दोन महिने नुसतं पोहत राहतं.

काय लावायचं याचं उत्तर तुमच्या सड्याच्या कडेला आणि खोऱ्यात उभं आहे. कडेच्या भेगांत अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, कुंबळ. त्यांच्या पुढ्यात वाऱ्याची आड म्हणून करवंद, गेळा. आधी करवंदाची जाळी, दोन वर्षांनी तिच्या आत झाड, हा क्रम ठेवला तर गुरांपासूनही राखण होते. जांभळाचं बी फळ खाल्ल्यावर आठ-दहा दिवसांत पेरायला हवं, वाळलं की मेलं. अंजनीचंही पिकलं फळ चोळून धुऊन ताजंच पेरा. हिरड्याची आठळी मात्र टणक. गर काढून, टोकाशी किंचित ठेचून, दीड दिवस पाण्यात भिजवली तरी उगवायला वेळ लावते, धीर धरा. बी शक्यतो आसपासच्याच पठारांवरच्या झाडांचं घ्या. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सिल्व्हर ओक आणि गिरिपुष्प सड्यावर भराभर वाढताना दिसतात, पण त्यांचा पाचोळा आणि सावली खालच्या पातळ मातीतल्या सगळ्या ठेंगण्या वनस्पती दाबून टाकते. तिथं ती नकोतच.

जेसीबीनं सपाटी करायचा मोह होईल. नका करू. एका मीटरच्या चाकोरीनंही पाण्याचा तो सरकता पदर तुटतो आणि खालच्या अंगाचा पूर्ण गालिचा पुढच्या वर्षी गवतात जातो. सलग समतल चरांचंही तेच. डोंगरउतारावर ते चांगलं काम करतात, सड्याच्या पाठीवर मात्र वरचं पाणी अडवून खालची पाणथळ मारतात. रस्ता हवाच असेल तर तो कडेनं, कातळाच्या उंच दांडावरून न्या आणि जिथं पाण्याची वाट ओलांडावी लागेल तिथं दगड नुसते अंतरानं मांडा, भराव नको. उघड्या सड्यावर खत टाकू नका, शेणखतही नाही. तिथल्या वनस्पती उपाशी मातीत इतरांवर मात करून आहेत, खत मिळालं की गवतं आणि तण त्यांना गाडतात. वणवा तर नकोच. त्यानं वरचा पाचोळा आणि शेवाळाची साय जाते आणि पुढच्या पहिल्या पावसात बोटभर मातीही जाते.

पहिले दोन उन्हाळे झाडांना पाणी द्यावं लागेल. जानेवारीपासून दर दहा-बारा दिवसांनी रोपामागे पाच ते आठ लिटर, सावकाश, तळाशी बारीक भोक पाडलेल्या डब्यातून. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि सवय लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात अंतर पंधरा दिवसांवर, मग वीस दिवसांवर न्या. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात नवी पालवी किंवा टवटवीत कळी दिसली तर मूळ भेगेत उतरलं असं समजा आणि पाणी थांबवा.

तीन एकरांतला किती भाग लावण्याजोगा निघेल हे सळईच सांगेल, पण मोठा भाग मोकळाच ठेवावा लागेल असं धरून चला. त्या भागाला हात न लावणं हेही तुमच्या लागवडीचंच काम आहे. राधानगरी अभयारण्यातला सावराई सडा पाहून या: मधला पाट उघडा, फुलांचा आणि पाण्याचा, झाडी कडेला आणि घळींत. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा ठरली त्यांत राधानगरी आहे. पाहताना कंद उपटू नका. अभयारण्यात तो गुन्हा आहे आणि घरच्या कुंडीत ते जगतही नाहीत, कारण चार महिन्यांचं वाहतं पाणी आणि आठ महिन्यांचा तापलेला दगड आपण कुंडीत देऊ शकत नाही. येत्या सप्टेंबरात तुमच्या सड्यावर जिथं जिथं गेंद आणि सीतेची आसवं दिसतील तिथं कडेनं चुन्याची खूण करून ठेवा, म्हणजे जूनमध्ये खड्डे काढणाऱ्या माणसांना त्या जागा आधीच दाखवता येतील.